मोबाइलवर कोणी छळत असेल तर: गावाकडच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. आजूबाजूच्या सात-आठ खेड्यांतली मुलं एसटीनं आणि सायकलनं येतात, मुली मानव विकासच्या निळ्या बसनं. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत माझ्याशी बोलायला कोणी ना कोणी थांबतं. पूर्वी बोलणं घरच्या कटकटींपासून नाहीतर परीक्षेपासून सुरू व्हायचं, आता बहुतेकदा मोबाइलपासून होतं. खालचे प्रश्न या बोलण्यातलेच आहेत. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. शेवटी पालक आणि शिक्षकांसाठीही थोडं लिहिलं आहे, तेही मुलांनी वाचावं.

सगळेच एकमेकांना चिडवतात. मग छळ कशाला म्हणायचं?

आपल्याकडे टोपणनाव नसलेला माणूस शोधावा लागेल. चिडवण्यात दोघंही हसतात, आणि एकानं "बस झालं" म्हटलं की दुसरा थांबतो. थांबत नसेल, रोज तेच चालू असेल, दहाजण मिळून एकाच्या मागे लागले असतील, तर ती गंमत राहिलेली नाही. फोनवर हे जास्त लागतं, कारण शाळा सुटली तरी ते सुटत नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावरही फोन वाजत राहतो.

वेचणीच्या दिवसांत नववीतला एक मुलगा रविवारी आईबरोबर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला गेला होता. कमरेला आईचं जुनं लुगडं बांधलेलं, त्यात पोटावर कापूस भरलेला. धुऱ्यावरून जाणाऱ्या वर्गमित्रानं फोटो काढला, त्याचा स्टिकर केला आणि खाली लिहिलं, "गर्भवती". मग वर्गाच्या ग्रुपवर कशाच्याही उत्तराला तो नखाएवढा स्टिकर पडू लागला. यानं गृहपाठ विचारला तरी तोच. मुलगा आठ दिवस शाळेत आला नाही. आईला सांगितलं, पोट दुखते. ज्यानं स्टिकर केला त्याला मी बोलावलं तर तो म्हणाला, "मॅडम, गंमत करून रायलो होतो." तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. म्हणून हा फरक वर्गात आधीच, उघडपणे बोलून ठेवायला हवा.

त्रास सुरू झाला तर सगळ्यात आधी काय करायचं?

उलट उत्तर लिहू नकोस आणि काहीही पुसू नकोस. रागात शिवी टाइप होते, आणि मग समोरचा तुझ्याच शिवीचा स्क्रीनशॉट गावभर दाखवत फिरतो.

पुरावा आधी, ब्लॉक नंतर. हा क्रम पक्का लक्षात ठेव, कारण बहुतेक मुलं घाबरून आधी चॅट उडवतात. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट करताना ब्लॉक करून चॅट पुसण्याचाही पर्याय येतो, तो न वाचता दाबला की सगळं गेलं. पाठवणाऱ्यालाही आपला मेसेज साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांच्या फोनमधून पुसता येतो, त्यामुळे "उद्या बघू" करू नये.

स्क्रीनशॉटमध्ये समोरच्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. तुझ्या फोनमध्ये त्याचा नंबर "बंट्या" म्हणून सेव्ह असेल तर नुसतं "बंट्या" दिसून उपयोग नाही. त्याचं प्रोफाइल उघडून नंबर दिसेल असा आणखी एक स्क्रीनशॉट काढ. इन्स्टाग्रामवर नाव बदलायला मिनिटही लागत नाही, म्हणून प्रोफाइलची आणि पोस्टची लिंक कॉपी करून कुठेतरी साठवून ठेव. एकदा उघडून गायब होणाऱ्या मेसेजचा स्क्रीनशॉट निघत नसेल, किंवा काढल्यावर समोरच्याला कळत असेल, तर दुसऱ्या फोननं पडद्याचा फोटो घे. वहीच्या मागच्या पानावर तारखेनिशी लिहित जा: काय आलं, किती वाजता, ग्रुपमध्ये कोण कोण होतं. महिन्याभरानं कोणी विचारलं की हीच वही कामाला येते. ज्या फोनवर हे आलं तो फॉरमॅट करू नये आणि विकूही नये. प्रकरण न्यायालयात गेलं तर मूळ फोन लागतो.

यात एक मोठा अपवाद आहे. १८ वर्षांखालच्या कोणाचा उघडा किंवा अश्लील फोटो असेल, तर त्या फोटोचा स्क्रीनशॉट काढू नकोस, सेव्ह करू नकोस आणि "हे बघ काय आलं" म्हणून मैत्रिणीलाही पाठवू नकोस. असा फोटो साठवणं आणि पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. धमकीचा मेसेज, अकाउंटचं नाव आणि लिंक जपून ठेव, आणि मोठ्या माणसाला घेऊन लगेच तक्रार कर.

मी तर सगळं पुसून टाकलं. आता काहीच होणार नाही का?

होऊ शकतं. ग्रुपमधल्या दुसऱ्या कोणाच्या फोनमध्ये ते असेल, विश्वासातल्या एकाकडून स्क्रीनशॉट मागून घे. आठवतं ते आजच तारखेनिशी लिहून काढ. तपास करणाऱ्यांना कंपनीकडून अकाउंटची माहिती मागवता येते. पुरावा नाही म्हणून गप्प बसू नकोस.

माझ्या नावानं कोणीतरी फेक आयडी काढली आहे आणि त्यावरून घाण मेसेज जात आहेत.

त्या प्रोफाइलवर जाऊन "रिपोर्ट"मध्ये दुसऱ्याचं सोंग घेतल्याचा पर्याय निवड. पाच-सहा मैत्रिणींनाही रिपोर्ट करायला सांग. त्याच दिवशी स्वतःच्या स्टेटसवर साधं एक वाक्य टाक, "अमुक आयडी माझी नाही, त्यावरून आलेलं मानू नका." गावात गैरसमज फार लवकर पसरतो आणि फार उशिरा निवळतो, म्हणून हे वाक्य महत्त्वाचं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी सोंग घेतलेली किंवा फोटोत फेरफार करून बनवलेली पोस्ट काढण्यासाठी कंपन्यांना तक्रारीपासून २४ तासांची मुदत घालून दिली. दुसऱ्याच्या नावानं ऑनलाइन वावरून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

तो म्हणतो, "भेटायला ये नाहीतर फोटो व्हायरल करतो." फोटो मीच पाठवला होता.

आधी हे ऐक. विश्वासानं फोटो पाठवला, ती फार तर चूक झाली. त्या फोटोच्या जोरावर धमकावणं हा गुन्हा आहे, आणि तो त्यानं केला आहे. तू फोटो कोणत्या भरात पाठवलास, हे विचारायचा हक्क गावातल्या कोणालाही नाही.

भेटायला जाऊ नकोस. पैसे देऊ नकोस, "हा शेवटचा" म्हणून दुसरा फोटो तर मुळीच देऊ नकोस. एकदा दिलं की मागणी वाढते. मी पाहिलेल्या प्रत्येक प्रकरणात ती वाढलीच. विनवण्याही करू नकोस, कारण तू किती घाबरली आहेस हेच त्याला त्यातून कळतं. धमकीचे मेसेज जपून ठेव आणि त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला सांग.

फोटो पसरू नये म्हणून आणखी एक सोय आहे. "टेक इट डाउन" नावाची मोफत सेवा १८ वर्षांच्या आत काढलेल्या फोटोंसाठी आहे. ती तुझ्याच फोनवर त्या फोटोचा आकड्यांचा ठसा तयार करते आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो. मूळ फोटो फोनबाहेर जात नाही आणि नावही द्यावं लागत नाही. तसाच फोटो तिथे कोणी चढवला तर तो ओळखून अडवता येतो. व्हॉट्सॲपच्या बंद चॅटमध्ये मात्र याचा उपयोग होत नाही. १८ पूर्ण झालेल्यांसाठी अशीच "स्टॉप एनसीआयआय" ही सेवा आहे.

मुलगी किंवा मुलगा १८ च्या आतला असेल तर पॉक्सो, म्हणजे २०१२ चा बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा लागतो. त्यात बालकाचं नाव, गाव, शाळा, काहीही जाहीर करायला मनाई आहे. जबाब घरी किंवा मूल म्हणेल त्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि तेही गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. "ठाण्यात गेलं की सगळ्या गावाला कळते" ही भीती मी खूपदा ऐकते, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

फोटो माझा नाहीच. चेहरा माझा, बाकी ॲपनं जोडलेलं. लोक विश्वास ठेवतील का?

काही जण ठेवतील, आणि ते सोसणं कठीण आहे. कायद्याच्या दृष्टीनं तुझी बाजू पक्की आहे. पॉक्सो कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन संगणकावर बनवलेलं, खऱ्या मुलासारखं दिसणारं अश्लील चित्रही त्यात आलं. म्हणजे "तो फोटो कुठे खरा आहे" असं म्हणून बनवणारा सुटत नाही. ज्या साध्या फोटोवरून चेहरा उचलला, तो मूळ फोटो तुझ्याकडे असेल तर तक्रारीबरोबर जोड. २६ जानेवारीच्या नाचाचा, गॅदरिंगचा, मामाच्या लग्नातला असा कुठलाही असू शकतो.

घरी सांगितलं तर माझीच शाळा बंद होईल. मग सांगू कशी?

या पानावरचा सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. छळणाऱ्याचं खरं हत्यार फोटो नसतो, "घरी कळलं तर?" ही भीती असते. आठवीतली एक मुलगी माझा हात धरून म्हणाली होती, "मॅडम, घरी नोका सांगू. शाया बंद होईन माही." तिची भीती खोटी नव्हती. मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले, अंगणात बसून सगळं सांगून टाकलं, आणि वाटलं मी माझं काम केलं. दुसऱ्या दिवसापासून ती महिनाभर शाळेत दिसली नाही. तिला न विचारता, तिच्या वडिलांची तयारी न करता मी बोलले, ही माझी चूक होती. ती परत आली तेव्हा मी तिची माफी मागितली.

तेव्हापासून मी मुलीबरोबर बसून आधी ठरवते: घरात कोणाला सांगायचं, कोणत्या वेळी, आणि पहिलं वाक्य काय. आईच पहिली असायला हवी असं नाही. कोणाची आत्या समजूतदार असते, कोणाचा मोठा भाऊ, कोणाची आजी. चारचौघांत नको, आणि बाबा शेतातून थकून आल्या आल्या तर नकोच. पहिलं वाक्य असं असू दे: "मला एक जण त्रास देत आहे, मला तुमची मदत पाहिजे. आधी पूर्ण ऐकून घ्या." स्क्रीनशॉट नंतर दाखव. घरात मारहाणीची भीती असेल तर घरी जाण्याआधी शाळेत सांग, किंवा १०९८ वर बोल. ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे, २४ तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मूल स्वतः फोन करू शकतं.

तक्रार नेमकी कुठे करायची? आमच्या गावात तर पोलीस ठाणंही नाही.

शाळेतल्या शाळेत निस्तरेल असं असेल तर आधी वर्गशिक्षक किंवा ज्यांच्याशी मोकळं बोलता येतं ते कोणीही शिक्षक. २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळेत सखी सावित्री समिती, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची समिती, असायला हवी, आणि तक्रारपेटीही. तुझ्या शाळेत समिती कोणाची आहे हे मुख्याध्यापकांना विचार. विचारल्यानंच ती जागी होते, असा माझा अनुभव आहे.

धमकी, अश्लील फोटो, फेक आयडी, पाठलाग असं काही असेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या केंद्र सरकारच्या पोर्टलवर घरून तक्रार करता येते. महिला आणि बालकांशी संबंधित प्रकारात नाव न देताही तक्रार नोंदवता येते, पण मग तिचा पुढे मागोवा घेता येत नाही, म्हणून शक्य असेल तर नाव देऊनच करावी. पैसे उकळले गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. कोणी दारात येऊन उभं राहिलं, जिवाला धोका वाटला, तर ११२.

विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांत पोलिसांची सायबर शाखा आहे, पण त्यासाठी यवतमाळ, वर्धा, गोंदियाला धाव घेण्याची गरज नाही. जवळच्या ठाण्यात तक्रार देता येते. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली असली तरी गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवता येतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

ठाण्यात म्हणाले, "गावातलं आहे, गावात मिटवा." मग?

एका मुलीच्या वडिलांबरोबर मी स्वतः हे ऐकलं आहे. दोन तास बाकावर बसून आम्ही तसेच परत आलो. परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते. बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाले, "मॅडम, आपल्याले कोन इचारते." विचारायला लावण्याचा रस्ता आहे. तक्रार लेखी द्या आणि पोच मागा. तरीही गुन्हा नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली तीच तक्रार लेखी स्वरूपात पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. आम्ही रजिस्टर्ड पोस्टानं पाठवली. पंधरवड्यात त्याच ठाण्यातून बोलावणं आलं.

वकिलाच्या पैशांची चिंता असेल तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. महिला, बालकं, अनुसूचित जाती आणि जमातीच्या लोकांना १९८७ च्या कायद्यानुसार तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यांचा फोन १५१००.

पोलीस पाटलांना सांगायला हरकत नाही, ते ठाण्यापर्यंत गोष्ट पोचवतात. पण लैंगिक स्वरूपाचं प्रकरण चावडीवर बसून "मिटवायला" कोणी सांगत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. अशा बैठकीत मुलीची नावानिशी चर्चा होते आणि मुलगा हात जोडून सुटतो.

तो मुलगा सोळा वर्षांचा आहे. तक्रार केली तर त्याला जेल होईल, त्याचं आयुष्य बरबाद होईल.

ज्याला त्रास झाला त्याच्याच तोंडून हा प्रश्न येतो तेव्हा मन भरून येतं. १८ च्या आतल्या मुलाला मोठ्यांच्या तुरुंगात ठेवत नाहीत. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथे समुपदेशन, ताकीद, समाजसेवा असे मार्ग आहेत आणि भर सुधारण्यावर असतो. त्याला वेळेवर थांबवलं नाही तर वीस-बाविशीत तो हेच आणखी मोठं करेल, आणि तेव्हा मात्र खरोखर तुरुंग आहे.

ग्रुपवर जातीवरून बोलतात. "सवलतीवाले" म्हणून स्टेटस ठेवतात. ही पण तक्रार होऊ शकते का?

हो. आपल्या गावांत हे किती चालतं हे सगळ्यांना माहीत आहे, आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायच्या दिवसांत जास्तच चालतं. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा जातीवरून, चारचौघांना दिसेल असा अपमान करणं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ऑनलाइन लिहिलेलंही त्यात येऊ शकतं. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. कॉलेजात सीनियर मुलं ग्रुपवर असं करत असतील तर ते रॅगिंगही आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे.

मी मुलगा आहे. हे सांगितलं तर पोरं आणखी हसतील.

पॉक्सो कायदा मुलांनाही मुलींइतकाच लागू आहे. आवाज बारीक आहे, चालणं वेगळं आहे, तोतरेपणा आहे, एवढ्यावरून मुलांना किती छळतात हे मी वर्गात बघते. गेमच्या व्हॉइस चॅटमध्ये आईबहिणीवरून शिव्या खाणारे सातवीतले मुलगे आहेत, आणि ते कोणाला बोलत नाहीत कारण "पोट्ट्यासारखा पोट्टा, रडते काय" हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. तू सांग. एका जणाला सांग. जो हसणार नाही असा एक जण तुला माहीत असतो.

मी काहीच केलं नाही, ग्रुपमध्ये नुसता होतो. माझी काय चूक?

तुझ्या हसण्याच्या इमोजीवर सगळं चालतं. ग्रुपमध्ये पन्नास जण असतील आणि छळणारे तीनच असतील, तर उरलेले सत्तेचाळीस गप्प आहेत हे त्या एकट्याला दिसत असतं. ग्रुपमध्ये भांडायची हिंमत नसेल तर त्याला वेगळा मेसेज कर: "हे चुकीचं चाललं आहे. उद्या मी तुझ्याबरोबर बसतो." स्टिकरवाल्या त्या मुलाला शाळेत परत आणलं ते माझ्या समजावण्यानं नाही. त्याच्या गावातला एक वर्गमित्र सकाळी सायकल घेऊन त्याच्या दारात जाऊन उभा राहिला होता.

आणि मीच कोणाला त्रास दिला असेल तर?

आजच थांब. जे टाकलं ते काढ, ज्यांना पाठवलं त्यांना पुसायला सांग, आणि ज्याला त्रास दिला त्याची माफी ग्रुपवरच माग, कारण अपमानही ग्रुपवरच झाला होता. प्रकरण फोटोचं किंवा धमकीचं असेल तर आधी आईवडिलांना किंवा शिक्षकांना सांग. कबूल करून आलेल्या मुलाला मी कधी वर्गासमोर उभं केलेलं नाही.

घरात एकच फोन आहे, बाबांचा. तोच भाऊ वापरतो, मीही वापरते. काय काळजी घ्यायची?

फोन एकच असला तरी आपलं अकाउंट वेगळं ठेव आणि काम झालं की लॉगआउट कर. व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लाव. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, जिवलग मैत्रिणीलाही नाही.

सगळ्यात जास्त गडबड झेरॉक्सच्या दुकानात आणि सेतू केंद्रात होते. शिष्यवृत्तीचा फॉर्म, जातीचा दाखला, मार्कशीट यांची प्रिंट काढायला आपण तिथल्या कॉम्प्युटरवर आपलं व्हॉट्सॲप जोडतो आणि बंद न करता घरी येतो. मग आपले सगळे मेसेज तिथे दिसत राहतात. आज घरी गेल्यावर व्हॉट्सॲपमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" उघड. तिथे अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर लगेच लॉगआउट कर. मोबाइल दुरुस्तीला देताना फोटो दुसरीकडे काढून ठेव, जमलं तर समोर बसूनच दुरुस्त करून घे.

सेटिंगमध्ये काय बदलू?

व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत डीपी, स्टेटस आणि ग्रुपमध्ये जोडण्याची परवानगी, तिन्ही फक्त आपल्या संपर्कातल्यांसाठी ठेव. नको असलेल्या ग्रुपमधून बाहेर पडलं तर आता फक्त ॲडमिनला कळतं. इन्स्टाग्राम अकाउंट प्रायव्हेट कर. ज्याला ब्लॉक केलं तर वर्गात भांडण होईल असं वाटतं, त्याला "रिस्ट्रिक्ट" कर. त्याच्या कॉमेंट त्याच्याशिवाय कोणाला दिसत नाहीत आणि त्याला ते कळतही नाही. शाळेचा गणवेश, गावाचा बोर्ड, रोजच्या बसची वेळ दिसेल असा रील टाकू नकोस.

मला आता काहीच नको वाटतं. जगणंही.

तू हे वाचत असशील तर आत्ता, वाचता वाचता, घरातल्या कोणाजवळ तरी जाऊन बस. बोलायला जमत नसेल तर नुसती बस, आज रात्री एकटं राहू नकोस. १४४१६ लाव. ही टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची मोफत सेवा आहे, रात्रीही उचलतात आणि मराठीत बोलतात. १०९८ सुद्धा चालेल. ग्रुपमध्ये आज जे चाललं आहे ते तुला कायमचं वाटतं आहे, पण असल्या गोष्टी मावळताना मी पाहिल्या आहेत. हे सोसलेल्या मुली आज नर्सिंगला आहेत, डी. एड. ला आहेत, पोलीस भरतीची तयारी करतात. आणि तुला कोणी मैत्रिणीनं असं काही बोलून दाखवलं असेल, तर तिनं "कोणाला सांगू नको" म्हटलं असलं तरी सांग. ती रागावेल, रागावू दे.

पालकांसाठी: मुलगी सांगत आली तर आम्ही काय करावं?

काकाजी, वहिनी, पहिली पाच मिनिटं फक्त ऐका. "तू फोन घेतलाच काऊन?" हा प्रश्न तुमच्या ओठांवर येईल, तो गिळा. तो विचारला की मुलगी पुन्हा कधी सांगणार नाही, आणि त्रास देणाऱ्याला हेच पाहिजे असतं. फोन काढून घेणं, शाळा बंद करणं, घाईनं सोयरीक बघणं, ही सगळी शिक्षा तिला होते. त्या मुलाच्या घरी चार माणसं घेऊन भांडायलाही जाऊ नका. त्यानं पुरावा पुसला जातो आणि प्रकरण दोन घरांचं होऊन बसतं. तिच्यासमोर म्हणा, "तुही चूक नाही, आपण पाहू." मग स्क्रीनशॉट घ्या आणि शाळेत या.

शिक्षकांसाठी: आमची जबाबदारी किती?

बालकावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं पॉक्सोच्या कलम १९ नं प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेचं नाव खराब होईल म्हणून दाबून ठेवणं हाही गुन्हा. आणि आपल्याकडूनही नकळत अपमान होतो. फी न भरलेल्यांची यादी, नापासांचे गुण पालकांच्या ग्रुपवर टाकणं आपण थांबवायला हवं. मुलं आपलंच बघून शिकतात.

गावात टॉवरच मिळत नाही, फोनही नाही. मग कसं?

१०९८, ११२ आणि १४४१६ कोणाच्याही साध्या, बटणांच्या फोनवरून लागतात, इंटरनेट लागत नाही. शाळेच्या कार्यालयातल्या फोनवरून लावता येतो. आशाताईंकडे किंवा अंगणवाडीतल्या ताईंकडे फोन असतो, त्या नाही म्हणणार नाहीत. तेही जमत नसेल तर वहीचं पान फाडून लिही आणि तक्रारपेटीत टाक. नाव घातलंस तर बरं, नाही घातलंस तरी वाचलं जाईल. आमच्या शाळेतली असशील तर मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत ये. दार लोटलेलं असतं, कडी नसते.